शब्द कुठे अडतो? पक्षाघातानंतरच्या वाचाघाताविषयी वाचकांचे प्रश्न

पक्षाघातानंतर ज्यांची भाषा बिघडली, त्यांच्या घरून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली असून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. ज्याला डॉक्टर ‘अफेझिया’ म्हणतात त्यासाठी मी ‘वाचाघात’ हा रूढ मराठी शब्द वापरला आहे, परंतु त्यात केवळ वाचा म्हणजे बोलणे येत नाही. ऐकलेले समजणे, वाचणे आणि लिहिणे हेही त्यात येते. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना सुरुवातीला कमी-अधिक प्रमाणात वाचाघात असतो.

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. पक्षाघातानंतर त्यांचे हातपाय पूर्ण चांगले आहेत आणि ते भरभर बोलतात, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही. आधी आम्हा सर्वांना, आणि एका डॉक्टरांनाही, हा मानसिक भ्रम वाटला होता. आता स्पीच थेरपिस्टनी दोन दिवस तपासणी केली. त्यात चित्रांची नावे विचारली आणि ‘दगड पाण्यावर तरंगतो का?’ असे पोरकट प्रश्नही विचारले. आयुष्यभर शिकवण्याचे काम केलेल्या माणसाला असे विचारून काय मिळते? त्यांची बुद्धी शाबूत आहे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. वाचाघातात बिघडते ती भाषा. माणसे ओळखणे, भोवतालचे व्यवहार कळणे, स्वतःचे मत असणे हे सहसा टिकून असते. ‘सहसा’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे, कारण पक्षाघाताने लक्ष किंवा स्मरण यांवरही परिणाम केलेला असू शकतो आणि तो वेगळा तपासावा लागतो. मात्र भाषेतील चुकांवरून बुद्धीचे माप काढणे ही चूकच आहे.

तुमच्या घरी जो गैरसमज झाला तो या प्रकारात वारंवार होतो. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, असेच रुग्ण वर्णिले होते. त्यांचे बोलणे ओघवते, आवाजातील चढउतार नेहमीसारखे, पण शब्द चुकीचे किंवा भाषेत अस्तित्वातच नसलेले, आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना नीट समजत नसे. अशा रुग्णांत मेंदूच्या ज्या भागाला इजा होते तो डाव्या बाजूला, कानाच्या वर आणि थोडा मागे असतो, तर हातापायांची हालचाल चालवणारा पट्टा त्याच्या पुढे असतो. त्यामुळे तिथल्या रक्तवाहिनीची खालची शाखा बंद पडली तर भाषा बिघडते आणि हातपाय वाचतात. अशक्तपणा दिसत नाही, माणूस असंबद्ध बोलतो आणि आपले चुकते आहे हे पुष्कळदा त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की अनुभवी माणसाचाही अंदाज चुकू शकतो.

आता तपासणीविषयी. तिचा गाभा चार गोष्टींचा असतो : बोलण्याला ओघ आहे का, ऐकलेले समजते का, ऐकलेले तसेच्या तसे पुन्हा म्हणता येते का, आणि वस्तूंची नावे आठवतात का. यांच्या जुळणीवरून प्रकार ठरतो. उदाहरणार्थ, ओघ आहे आणि समजतेही, पण ऐकलेले वाक्य पुन्हा म्हणताना कोलमडते, असाही एक प्रकार आहे. ओघ नाही, समजत नाही आणि नावेही येत नाहीत, असा सर्वांत तीव्र प्रकारही आहे. प्रकारांच्या नावांत फार अडकू नये असे माझे मत आहे, कारण अनेक रुग्ण कोणत्याच एका नावात नीट बसत नाहीत आणि पहिल्या काही महिन्यांत चित्र बदलतही जाते.

पोरकट वाटणारे प्रश्न हेतुपुरस्सर तसे असतात. घरात आपण ‘चष्मा हवा का?’ असे विचारतो तेव्हा हातात चष्मा असतो, नजर त्याच्याकडे असते आणि आवाजही प्रश्नाचा असतो. शब्द अजिबात न कळताही माणूस बरोबर मान हलवतो, आणि घरच्यांना वाटते की सारे समजते आहे. ‘दगड पाण्यावर तरंगतो का?’ या प्रश्नात असा कोणताही आधार मिळत नाही. उत्तर प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे चूक झाली तर ती ज्ञानाची नसून शब्द समजण्याची असते. शिवाय हो आणि नाही दोन्हींची शक्यता असल्याने केवळ नशिबाने निम्मी उत्तरे बरोबर येतात, म्हणून असे पुष्कळ प्रश्न विचारावे लागतात. याच विचाराने १९६२ मध्ये इटलीतील दोन संशोधकांनी रंगीत तुकड्यांची चाचणी तयार केली, जी ‘टोकन टेस्ट’ म्हणून ओळखली जाते. त्यात दोन आकारांचे आणि पाच रंगांचे तुकडे समोर ठेवून ‘पिवळ्याला हात लावण्याआधी मोठा लाल गोल उचला’ अशा सूचना दिल्या जातात, आणि अंदाजाला जवळजवळ वावच उरत नाही.

मराठी रुग्णाच्या बाबतीत आणखी एक जागा तपासावी लागते. ‘मुलीने मुलाला ढकलले’ आणि ‘मुलीला मुलाने ढकलले’ या वाक्यांत शब्दांचा क्रम एकच आहे. कोणी कोणाला ढकलले हे केवळ ‘ने’ आणि ‘ला’ यांवरून कळते. एकेकटे शब्द उत्तम समजणारा रुग्णही येथे गोंधळतो. इंग्रजीत हे काम मुख्यतः शब्दांचा क्रम करतो, म्हणून इंग्रजी चाचणीचे नुसते भाषांतर केले की ही अडचण निसटून जाते.

सर्वांत जास्त माहिती मिळते ती नावे विचारताना, आणि तीही चुकांमधून. घड्याळाचे चित्र दाखवल्यावर एक रुग्ण ‘कॅलेंडर’ म्हणतो, दुसरा ‘घळ्याड’ म्हणतो, तिसरा म्हणतो, ‘ते… मनगटावर… वेळ बघतो ते.’ गुण तिघांनाही शून्यच मिळतील, पण तिघांचा शब्द तीन वेगवेगळ्या ठिकाणी अडला आहे. पहिल्याचा अर्थाच्या घरातच शेजारच्या शब्दावर हात पडला. दुसऱ्याला शब्द सापडला, पण त्यातील ध्वनींची जुळणी विस्कटली. तिसऱ्याकडे अर्थ पूर्ण आहे, मात्र त्याचे ध्वनिरूप हाती लागत नाही. मग तपासणारी व्यक्ती ‘घ…’ असा पहिला ध्वनी पुरवून पाहते. तिसरा रुग्ण पुष्कळदा चटकन ‘घड्याळ’ म्हणतो. पहिल्याला मुद्दाम ‘क…’ असा चुकीचा इशारा दिला तर तो ‘कॅलेंडर’ म्हणून निश्चिंतही होऊ शकतो, आणि त्याचा अर्थाचा धागाच सैल झाला आहे हे त्यावरून स्पष्ट होते. पुढचे उपचार या भेदावर उभे असतात. पहिल्यासाठी घड्याळ कशासाठी असते, कुठे असते, कशासारखे असते, कोणत्या गटात मोडते अशी अर्थाची वीण घट्ट करून घेतात. तिसऱ्यासाठी पहिला ध्वनी, अक्षरांची संख्या, यमक अशा ध्वनीच्या वाटेने जातात. सर्वांना सरसकट तीच चित्रांची वही देऊन नावे घोकून घेणे म्हणजे कुलूप न पाहता किल्ली फिरवणे होय.

तपासणीपूर्वी ऐकू येते का आणि चष्मा लावला आहे का हे पाहिलेच पाहिजे. डाव्या मेंदूच्या पक्षाघातात नजरेच्या उजव्या बाजूचे दिसणे जाऊ शकते, आणि ओळीचा उजवा भाग न दिसल्याने वाचता न येणे हा भाषेचा दोष नव्हे. स्नायूंच्या अशक्तपणामुळे उच्चार अस्पष्ट होणे म्हणजे डिसार्थ्रिया, आणि उच्चारांच्या हालचालींची आखणी चुकणे म्हणजे अ‍ॅप्रॅक्सिया. हे दोन्ही वाचाघाताबरोबर असू शकतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. अहवालात तुम्हाला एखादा अंक दिसेल. ‘वेस्टर्न अफेझिया बॅटरी’ या चाचणीत १०० पैकी गुण मिळतात आणि ९३.८ पेक्षा कमी गुण वाचाघात दर्शवतात. तो अंक जपून ठेवा, पुढे तुलनेला उपयोगी पडेल; परंतु तज्ज्ञांना पुढच्या भेटीत हे जरूर विचारा : शब्द कुठे अडतो आहे, आणि कोणत्या आधाराने तो बाहेर येतो आहे?

प्रश्न : माझ्या पतींना पक्षाघातानंतर ‘तेच ना’ एवढेच बोलता येते. काहीही विचारले तरी तेच उत्तर येते. मात्र ते एक ते वीस अंक सलग म्हणतात, जुनी गाणी शब्दांसह गातात आणि राग आला की शिवीही स्पष्ट देतात. सासरची मंडळी म्हणतात की ते मनावर घेत नाहीत. खरे काय आहे?

उत्तर : ते हट्ट करत नाहीत, हे घरातील सर्वांना कृपया वाचून दाखवा. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या लबोर्न्य नावाच्या रुग्णाचा अभ्यास केला, तो वर्षानुवर्षे ‘टान’ एवढेच बोलत असे, आणि रुग्णालयात त्याला त्याच नावाने ओळखत. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली, आणि भाषेचे मेंदूतील स्थान शोधण्याची खरी सुरुवात तिथून झाली. रागावला की त्याच्याही तोंडून शिवी निघत असे.

अंक, वार, प्रार्थना, गाणी, शिव्या ही सलग साठवलेली भाषा असते. ती म्हणताना प्रत्येक शब्द निवडावा लागत नाही, आणि तिच्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही वाटा असतो असे मानले जाते. ‘मला बाहेर जायचे आहे’ हे वाक्य मात्र त्या क्षणी नव्याने घडवावे लागते. सात आकडा सांगायला सांगितला तर येत नाही, पण एकपासून म्हणत गेले की सात येतो, याचे कारण हेच.

गाता येते म्हणून केवळ गाणी गाऊन घेतल्याने बोलणे परत येत नाही. मी पाहिलेल्या अनेक घरांत या आशेवर महिने गेले आहेत. १९७३ मध्ये अमेरिकेत मांडलेली मेलॉडिक इंटोनेशन थेरपी वेगळ्या रीतीने चालते. रोजच्या गरजेचे छोटे वाक्य दोन सुरांत संथपणे गुणगुणायचे, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठोका द्यायचा, आधी दोघांनी एकत्र म्हणायचे, मग थेरपिस्टनी हळूहळू आवाज मागे घ्यायचा, आणि शेवटी सूर काढून टाकून तेच वाक्य साध्या बोलण्यात आणायचे. ज्यांना समजते बऱ्यापैकी पण बोलता येत नाही, त्यांना याचा उपयोग होतो. सराव केलेली वाक्ये सुधारतात, न केलेल्या वाक्यांपर्यंत तो लाभ कमी पोहोचतो. म्हणून वाक्ये निवडताना तुम्ही दोघांनी बसून, त्यांना दिवसातून वारंवार लागणारी अशीच निवडावीत. आणखी एक गोष्ट तपासून घ्या : ‘तेच ना’ म्हणतानाचा त्यांचा सूर दर वेळी वेगळा असतो का? अशा रुग्णांचा होकार, नकार, कंटाळा, गंमत पुष्कळदा त्या सुरातच असते.

प्रश्न : आई डावखुरी आहे. डावखुऱ्यांची भाषा उजव्या मेंदूत असते ना? मग डाव्या मेंदूच्या पक्षाघाताने तिची वाचा कशी गेली?

उत्तर : उजव्या हाताने काम करणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांत भाषेची मुख्य यंत्रणा डाव्या मेंदूत असते, पण डावखुऱ्यांपैकीही सुमारे ७० टक्के लोकांत ती डावीकडेच असते. तुमच्या आई याच गटातल्या असणार. यामुळे उपचारांत फरक पडत नाही.

प्रश्न : माझ्या भावाला पक्षाघात होऊन चौदा महिने झाले. सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते, असे सांगून उपचार बंद करण्यात आले. हे बरोबर आहे का? आठवड्यातून किती तास उपचार हवेत? एखादी गोळी किंवा विजेचा उपचार उपयोगी पडेल का? मोबाइलवरील अ‍ॅपने भागेल का?

उत्तर : सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो हे खरे आहे. त्या काळात सूज ओसरते, आणि इजा झालेल्या भागाशी जोडलेले पण नुसतेच स्तब्ध झालेले भाग पुन्हा काम करू लागतात. पुढे वेग मंदावतो, परंतु ‘मंदावतो’ आणि ‘थांबतो’ यांत जो फरक आहे तो तुमच्या भावाच्या दृष्टीने फार मोठा आहे. जर्मनीत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सत्तर वर्षांपर्यंतचे १५६ रुग्ण होते, आणि प्रत्येकाच्या पक्षाघाताला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. त्यांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार दिल्यावर रोजच्या व्यवहारातील त्यांचे बोलणे सुधारले; उपचारांची वाट पाहत असलेल्या गटात त्या अवधीत तशी सुधारणा दिसली नाही. हा लाभ सहा महिन्यांनंतरही टिकून होता.

याचा अर्थ जितके जास्त आणि जितके लवकर तितके चांगले, असा मात्र नव्हे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील एका चाचणीत पक्षाघातानंतरच्या पहिल्याच आठवड्यांत अधिक तीव्रतेचे उपचार देऊन पाहिले, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा ते सरस ठरले नाहीत. त्या काळात रुग्ण थकलेला असतो, हे आमच्या अनुभवाशीही जुळते. अनेक अभ्यासांची माहिती एकत्र केली असता एकूण २० ते ५० तासांच्या उपचारांत आणि आठवड्यातील तीन ते पाच दिवसांच्या सरावात सर्वाधिक लाभ दिसला. आठवड्यातून एकदा पाऊण तास जाऊन येणे आणि मध्ये काहीच न करणे ही पद्धत सर्वत्र दिसते, पण तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

अ‍ॅपविषयी ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. संगणकावर सराव केल्याने रुग्णांनी निवडलेले शब्द निश्चितपणे सुधारले, पण संभाषण सुधारले नाही. तेव्हा अ‍ॅप सरावासाठी जरूर वापरा, शब्द भावाने स्वतः निवडलेले असू द्या, आणि शिकलेला शब्द त्याच दिवशी कोणाशी तरी प्रत्यक्ष बोलताना वापरला जाईल अशी योजना करा.

वाचाघातासाठी खात्रीने उपयोगी ठरलेली गोळी आज नाही. मेंदूच्या चुंबकीय आणि विद्युत उत्तेजनावर संशोधन चालू आहे. ते वाचा-उपचारांच्या जोडीने देऊन पाहिले जाते, त्यांच्याऐवजी नव्हे. मात्र रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या ‘बोलणे काही सुधारत नाही’ म्हणून बंद करू नका. त्या बोलण्यासाठी दिलेल्या नसून दुसरा पक्षाघात टाळण्यासाठी दिलेल्या असतात. सुधारलेले बोलणे अचानक पुन्हा बिघडले तर थेरपिस्टची पुढची भेट येईपर्यंत थांबू नका, तडक रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

प्रश्न : काकांची मातृभाषा मराठी, पण नोकरीतील तीस वर्षांचे सारे काम इंग्रजीत झाले. आता त्यांच्या बोलण्यात दोन्ही भाषांची सरमिसळ होते. एक भाषा बंद करावी, असा सल्ला मिळाला आहे.

उत्तर : तो सल्ला मानू नये. आधी शिकलेली भाषा आधी परत येते असा एक जुना नियम एकोणिसाव्या शतकात मांडला गेला. १८९५ मध्ये पित्र या फ्रेंच डॉक्टरने त्याऐवजी आजारापूर्वी अधिक वापरात असलेली भाषा आधी परत येते असे म्हटले. प्रत्यक्षात बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरीने सुधारतात आणि दोन्ही नियमांना भरपूर अपवाद सापडतात. तपासणी दोन्ही भाषांत व्हावी आणि उपचारांची भाषा ठरवताना काका आता दिवसभर कोणाशी बोलतात हे पाहावे. मराठीत अडलेला शब्द इंग्रजीत आला तर तो चुकीचा न मानता स्वीकारावा. सरमिसळ पक्षाघातापूर्वीही होती का, हेही आठवून पाहा. तेव्हाची सवय असेल तर ते लक्षण नव्हे. समोरच्याला जी भाषा येतच नाही तिच्यात ते बोलत राहत असतील, तर मात्र थेरपिस्टना अवश्य सांगा.

प्रश्न : सासूबाईंना समजते असे वाटते, पण बोलता येत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘माझे नाव सांगा पाहू’ म्हणून त्यांची परीक्षा घेतो आणि त्या रडतात. घरी आम्ही कसे बोलावे?

उत्तर : ही परीक्षा आजपासून बंद करा. आपले नाव आपणच सांगून आत यावे, हा नियम पाहुण्यांना दारातच सांगायला संकोच करू नका.

घरच्यांनी संभाषणाची पद्धत शिकून घेणे हाही उपचाराचाच भाग आहे. टोरंटो येथील अफेझिया इन्स्टिट्यूटने त्याची शिस्तबद्ध पद्धत घडवली आहे. तिचे सूत्र असे की, त्यांना कळते हे आपण जाणतो, असे आधी बोलून दाखवावे, आणि मग त्यांच्या मनातील गोष्ट बाहेर यायला आधार द्यावा. टीव्ही बंद करून समोर बसा. एका वेळी एकच विषय घ्या आणि त्याचा मुख्य शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे ठेवा. ‘काय हवे?’ असे मोकळे विचारण्याऐवजी दोन-तीन पर्याय लिहा, आणि त्यांत ‘यापैकी नाही’ हा पर्याय हमखास ठेवा, नाहीतर त्यांना खोटी निवड करावी लागते. त्यानंतर थांबा. हे थांबणे सर्वांत अवघड असते. मनात सावकाश दहा अंक मोजेपर्यंत शब्द पुरवू नका. शेवटी आपल्याला काय कळले ते सांगून ‘बरोबर ना?’ असे विचारा, आणि मान हलली तरी महत्त्वाच्या बाबतीत तोच प्रश्न उलट करून एकदा पडताळा, कारण ‘हो’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल या आजारात होते. कळले नाही तर कळल्याचे सोंग करू नका. ते त्यांना ओळखू येते.

प्रश्न : (हे पत्र एका रुग्णाने स्वतः सांगून मुलाकडून लिहून घेतले आहे.) मी ऐकतो. कळते. लोक मोठ्याने बोलतात. माझ्यासमोर मुलाला विचारतात. मित्र येत नाहीत. नको वाटते सगळे.

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. सगळे समजले.

‘नको वाटते’ हे तुम्ही सांगितलेत, हे फार चांगले झाले. पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश लोकांना नैराश्य येते. वाचाघातात ते अधिक आढळते. त्यावर उपचार आहेत. हे पत्र तुमच्या डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा. ते उदासीची तपासणी चित्रांवरून आणि घरच्यांना विचारूनही करू शकतात.

एक छोटे कार्ड खिशात ठेवा. त्यावर लिहा : ‘मला पक्षाघात झाला होता. मला समजते. बोलायला वेळ लागतो. कृपया माझ्याशी बोला.’ कोणी मुलाला विचारले की ते पुढे करा.

मित्र बहुधा घाबरून येत नाहीत, कारण काय बोलावे हे त्यांना कळत नाही. एका मित्राला निवडा. मुलाने त्याला वरच्या पत्राचे उत्तर वाचायला द्यावे. पहिल्या भेटीत फोटोंचा अल्बम घेऊन बसा, वीस मिनिटे पुरेत.